विंटराइज केलेली बोट आणि तरी फुटलेला ब्लॉक : मिनेटोंकावरचं एक प्रकरण

मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या बोटीचं हे प्रकरण आहे आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण इकडे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता जुन्या बोटी घ्यायला लागलेत, चालवायला सगळे हौसेने शिकतात पण हिवाळ्याआधी ती बंद कशी करायची, म्हणजे विंटराइज करायची, हे काम मात्र कुठल्यातरी गॅरेजवर सोडून मोकळे होतात. मी पूर्वी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये होतो, त्यामुळे मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा तिकडे जाऊन पाना हातात घेणं ओघानेच आलं, आणि पुढचं जवळजवळ सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आधी बोट कसली ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. साधारण २१ फुटी फायबरग्लासची बोट, पुढेही बसायला जागा असलेली, १९९० च्या दशकातली, सेकंडहँड घेतलेली. इंजिन बोटीच्या आत आणि ड्राइव्ह मागे बाहेर, म्हणजे स्टर्नड्राइव्ह. इंजिन ४.३ लिटरचं व्ही-सिक्स, कार्बोरेटरवालं, मुळात पिकअप ट्रकमध्ये असायचं तेच. फरक एवढाच की ट्रकला रेडिएटर असतो आणि त्यात बारा महिने अँटीफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारा द्रव, फिरत असतं, या बोटीत तसं काही नाही. इथे तळ्याचं पाणी खालून ओढलं जातं, ब्लॉकमधून (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा), त्यावरच्या हेडमधून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणारा भाग) फिरतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. उन्हाळ्यात याच्याइतकी सोपी कूलिंग नाही. पण इंजिन बंद केलं की यातलं बरंचसं पाणी आत तसंच राहतं, ते आपोआप निघून जात नाही, आणि नव्या बोटवाल्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. शाळेत आपण सगळेच हे शिकलो, पण कोकणात किंवा पुण्यात त्याचा हिशोब कधी चुकता करावा लागत नाही. मिनेसोटात लागतो. मिनेटोंका तळं मिनियापोलिसच्या पश्चिमेला, साधारण १४,५०० एकरांचं, एकमेकांना कालव्यांनी जोडलेल्या असंख्य खाड्यांचं, आणि उन्हाळ्यात तिथे बोटींची अक्षरशः जत्रा असते. (वॉटर स्कीइंग जन्मलं ते याच राज्यात, १९२२ साली, लेक पेपिनवर, त्यामुळे बोटीचं वेड इथे जुनं आहे.) तेच तळं डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत इतकं घट्ट गोठतं की त्यावर लोक गाड्या नेतात, खोपी टाकून मासे पकडत बसतात. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसच्या विमानतळावर पहाटे उणे ३३ सेल्सिअस होतं. एवढ्या थंडीत ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये पाणी अडकलेलं असेल तर लोखंड हरतं, यात नशिबाचा काही भाग नाही.

मित्राने बोट ऑगस्टमध्ये घेतली, सप्टेंबरभर घरच्यांना घेऊन फिरला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री पारा शून्याकडे जायला लागला तशी एका गॅरेजमध्ये नेऊन दिली. त्यांनी दोन दिवसांत परत दिली, बिलावर ‘विंटराइज’ लिहिलेलं, गुलाबी अँटीफ्रीझ किती ते लिहिलेलं आणि मजुरी अर्ध्या तासाची. बोट ट्रेलरवर त्याच्या गॅरेजशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता, आणि कोणाच्याही दृष्टीने संपलाच असता.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने ड्राइव्हच्या पाण्याच्या तोंडावर रबरी कप लावले, इकडे त्याला मफ्स म्हणतात, बागेचा होज जोडला आणि इंजिन सुरू केलं. लगेच सुरू झालं. छान चाललं पण. दहा मिनिटांनी बंद करून त्याने सहज डिपस्टिक काढली आणि मला फोन केला, “अरे, ऑइल वर चढलंय, आणि रंग बघ, दूध घातलेल्या चहासारखा दिसतोय.” मी म्हटलं परत स्टार्ट करू नकोस, बॅटरीची वायर काढ, मी येतो.

ऑइलमध्ये पाणी शिरलंय हे उघडच होतं, प्रश्न कुठून शिरलं हा होता. लोक इथे घाई करतात आणि थेट ‘ब्लॉक गेला’ म्हणून मोकळे होतात, पण या इंजिनात पाणी ऑइलपर्यंत पोचायचे तीन-चार रस्ते आहेत. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट असू शकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजून किंवा तडकून पाणी सिलिंडरमध्ये आणि तिथून पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये येऊ शकतं, जुन्या बोटींमध्ये हे बरंच होतं. आणि चौथा रस्ता म्हणजे ब्लॉकला थंडीने गेलेला तडा. यातले पहिले तीन परवडण्यासारखे, चौथा नाही, म्हणून आधीचे तीन नीट तपासणं गरजेचं होतं.

आम्ही आधी ब्लॉकचे ड्रेन प्लग बघितले. दोन असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, मॅनिफोल्डच्या खाली अगदी अडचणीच्या जागी, हात कसाबसा जातो. दोन्हीवर जुना रंग जसाच्या तसा होता, कडांना कुठे पाना लागल्याची खूण नाही. म्हणजे ऑक्टोबरात ते उघडलेच गेले नव्हते. डावीकडचा उघडला तर पाण्याचा थेंब आला नाही. कोरडा असेल असं वाटलं, पण भोकात तार घालून ढवळलं तसा आधी गंज आणि बारीक वाळूचा चिखल आला आणि मग बदाबदा पाणी. तळ्याचं पाणी ओढणाऱ्या इंजिनात तळाशी असा गाळ बसतोच, आणि प्लग काढला तरी भोक बुजलेलं असलं तर पाणी आतच राहतं. हे मी मुद्दाम लिहितोय, प्लग काढणं आणि पाणी निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितलं तर डाव्या बाजूला मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या अंगावर केसासारखी आडवी रेघ, वितभर लांब, आणि तिच्यातून ओल झिरपत होती. बाजूचा वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकावरची पत्र्याची चकती) किंचित बाहेर सरकलेला. वेल्श प्लग बर्फ झाला की निघून येतो आणि ब्लॉक वाचवतो असं बरेच जण मानतात, पण तो त्यासाठी नसतोच, ओतकामातली वाळू काढायला ठेवलेल्या भोकांची ती झाकणं आहेत. कधी नशिबाने निघतो आणि ब्लॉक वाचतो, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. इथे तो सरकला होता आणि ब्लॉक तरीही तडकला होता.

खात्रीसाठी दुसऱ्या एका मशिन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करून घेतली, ब्लॉक आणि दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगवेगळे. दोन्ही मॅनिफोल्ड प्रेशर धरून राहिले. ब्लॉक नाही राहिला, बाहेरच्या तड्यातून तर हवा जातच होती पण आत लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) जागेतही एक तडा निघाला, आणि ऑइलमध्ये पाणी तिथूनच येत होतं. बाहेरचा तडा एकवेळ कोणी वेल्डिंग, इपॉक्सी वगैरे करून चालवतात, आतल्याला काही उपाय नाही.

आता मॅनिफोल्ड चांगले आणि ब्लॉक फुटलेला, हे असं का, यातच सगळं उत्तर आहे. गॅरेजवाल्यांनी काय केलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं, लपवालपवी काही नव्हती. होजच्या जागी अँटीफ्रीझची बादली जोडली, इंजिन सुरू केलं, मागून प्रॉपमधून, म्हणजे बोटीच्या पंख्यातून, गुलाबी पाणी यायला लागलं की बंद केलं. ही पद्धत खूप ठिकाणी चालते आणि दिसायला अगदी पटण्यासारखी आहे. पण इंजिनाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडणारी झडप, असतो आणि तो साधारण ७० सेल्सिअसच्या आसपास उघडतो. इंजिन गार असलं की तो बंद, आणि तो बंद असताना बाहेरून ओढलेलं पाणी ब्लॉकमध्ये न जाता बाजूने मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून बाहेर जातं. म्हणजे गुलाबी रंग मागून दिसला, मॅनिफोल्ड भरले, ते वाचले. ब्लॉकमध्ये मात्र सप्टेंबरातलं मिनेटोंकाचं पाणीच होतं. ऑक्टोबरच्या गारठ्यात इंजिन तापायला वेळ लागतो आणि बादली त्याच्या आधीच संपते, अर्ध्या तासाच्या मजुरीत त्यासाठी कोण थांबणार.

आणि समजा थर्मोस्टॅट उघडलाही असता तरी मला ही पद्धत पटत नाही. आतलं पाणी न काढता वरून अँटीफ्रीझ ढकललं की दोन्हीची मिसळ होते, किती होते ते कोणी मोजत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘उणे ५०’ लिहिलेलं असतं, ते एक तर फॅरनहाइट आहे, आणि दुसरं म्हणजे तो आकडा पाइप फुटण्यापासून संरक्षणाचा आहे, गोठण्याचा नाही. त्या द्रवाचा बर्फाळ गाळ उणे ११-१२ सेल्सिअसलाच व्हायला लागतो. शुद्ध असताना ही गत, त्यात निम्मं तळ्याचं पाणी मिसळलं तर मिनेसोटाच्या जानेवारीत त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा. माझं मत सरळ आहे, पाणी बाहेर काढणं हेच खरं काम, गुलाबी द्रव त्यानंतरचा, आणि तोही हवाच असेल तर.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगतो. त्याच्या पॉलिसीत गोठण्याने झालेलं नुकसान चक्क वगळलेलं होतं, हे त्याला मे महिन्यात कळलं. बऱ्याच पॉलिसींमध्ये तसं असतं किंवा वेगळं कव्हर घ्यावं लागतं, त्यामुळे ते कागद ऑक्टोबरच्या आधी वाचा. गॅरेजवाल्यांनी बरीच बोलाचाली झाल्यावर बसवण्याची मजुरी सोडली, रीमॅन्युफॅक्चर्ड इंजिन मित्राने घेतलं, काही हजार डॉलर गेले आणि बोट पाण्यात उतरली तेव्हा ऑगस्ट आला होता. तिकडचा सीझन म्हणजे मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत, त्यातला बहुतेक असाच गेला. पैशांपेक्षा त्याला याचं जास्त वाईट वाटलं, मुलींना त्याने हिवाळाभर पोहायला जाऊ, ट्यूबवर बसवून ओढू असं सांगून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी मिळून बोट बंद केली. पेट्रोलची टाकी जवळजवळ पूर्ण भरली, कारण रिकाम्या टाकीत ओल धरते. मिनेसोटात बोटींसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम मिळतं, तेच घातलं, कारण इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं आणि ते पाणी मग खाली वेगळं बसतं. त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) टाकून होजवर इंजिन पंधरा मिनिटं चालवलं म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचतो, शेवटी कार्बोरेटरमध्ये फॉगिंग ऑइल (आत गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल) फवारत बंद केलं. गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला. ऑइल वसंतात बदलू म्हणणारे असतात पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात, ती सहा महिने बेअरिंगवर कशाला ठेवायची.

मग पाणी. ब्लॉकचे दोन्ही प्लग, मॅनिफोल्डचे दोन्ही, पाण्याच्या पंपाचे होज, आणि पॉवर स्टिअरिंगच्या कूलरचा होज, जो सगळ्यात खाली असतो आणि सगळ्यात जास्त विसरला जातो. प्रत्येक भोकात तार घालून फिरवली, वाहणं थांबलं तरी परत एकदा फिरवली, उजवीकडून दुसऱ्या वेळी मूठभर गाळ आणि चांगलं भांडंभर पाणी आलं. इग्निशन तोडून स्टार्टरचा एक छोटा झटका दिला की पंपात अडकलेलं पाणीही उडून जातं. ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवला, वर उचललेला ठेवला तर पाणी साचतं आणि बेलोजचं, म्हणजे ड्राइव्ह आणि बोटीमधल्या घडीदार नळीचं, रबरही ताणलेलं राहतं. प्लग परत बसवले नाहीत, सगळे एका पिशवीत घालून पिशवी स्टिअरिंगला बांधली. ब्लॉक रिकामा ठेवायचा की पाणी काढून वरून चांगलं अँटीफ्रीझ भरायचं यावर जाणकारांतही दोन मतं आहेत, भरलं तर गंज कमी लागतो हे खरं आहे. आम्ही रिकामा ठेवला. गंज हळू चढतो, बर्फ एका रात्रीत फोडतो.

ड्राइव्हचं गिअर ऑइल पण तेव्हाच बदलायचं, वसंतात नाही. खालचा स्क्रू काढला की पहिलं जे येतं ते बघायचं, दुधट असेल तर सील गेलंय, आणि ते पाणी हिवाळाभर आत राहिलं तर ड्राइव्हचं बाहेरचं कवच फुटतं, त्याची किंमतही काही कमी नाही. भरायचं खालून वर, म्हणजे हवा अडकत नाही, आणि वॉशर नवे. बॅटरी घरात आणून पूर्ण चार्ज करून ठेवली, पूर्ण चार्ज बॅटरी मिनेसोटाच्या थंडीतही गोठत नाही पण उतरलेली बॅटरी उणे ७-८ लाच गोठते.

झाकण्याच्या बाबतीत आधीच्या वर्षी ताडपत्री सैल होती, मध्ये पाणी साचून बर्फाची परात झाली होती. या वेळी लाकडी पट्ट्यांचा कणा केला, उतार दिला, दोन्हीकडे हवेला जागा ठेवली. ऑक्टोबर संपायच्या आत हे उरकायचं, कारण इथे १९९१ च्या हॅलोविनला सुरू झालेल्या वादळात मिनियापोलिस भागात २८.४ इंच बर्फ पडलं होतं आणि तशा वर्षी नोव्हेंबरची वाट बघणाऱ्याची बोट उघडीच सापडते. बोटीच्या तळाचा प्लग मात्र काढलेलाच ठेवायचा आणि नाक उंच, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जातं. तसाही मिनेसोटात तळ्यावरून निघताना तो प्लग काढून पाणी सोडणं कायद्याने सक्तीचं आहे, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. मिनेटोंकात ते २०१० मध्ये सापडले, आता तिथून जातील असं काही नाही, पण आपल्या बोटीतून दुसरीकडे तरी जाऊ नयेत.

आणि मग थांबायचं. मित्र मालवणचा, त्याला सीझन बंद असणं नवीन नाही. त्याच्या मामाची होडी पावसाळ्यात वर ओढून झापांखाली असायची, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की परत पाण्यात. पण तिकडे तारीख पंचांगात असते, इकडे ती कोणालाच माहीत नसते. तळ्यावरून बर्फ गेलं हे शेरिफचं वॉटर पॅट्रोल ठरवतं, बोटीने सगळ्या खाड्यांतून, सगळ्या कालव्यांतून जाता आलं तरच. सरासरी एप्रिलच्या मध्याला, पण २०१२ मध्ये ते २१ मार्चला गेलं आणि २०१८ मध्ये ५ मेला. दीड महिन्याचा फरक, त्यामुळे सुट्ट्या वगैरे आधी ठरवण्यात अर्थ नाही.

खरा धोका याच दिवसांत आहे. एप्रिलमध्ये एक उबदार शनिवार येतो, शेजारी बोटी बाहेर काढतात, मुली मागे लागतात, आणि माणूस प्लग लावून इंजिन सुरू करून बघतो. आत ताजं पाणी भरलं गेलं आणि त्याच आठवड्यात रात्री उणे सहा-सात झालं, काही तास टिकलं, की ऑक्टोबरात केलेलं सगळं पाण्यात. त्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला होता, एकदा नुसतं सुरू करून बघू का म्हणून. मी म्हटलं पुढच्या दहा रात्रींचं तापमान वाच मला. त्यात दोन रात्री उणेच्या होत्या. थांबला बिचारा.

मेच्या मध्याला, मासेमारीचा सीझन उघडला त्या शनिवार-रविवारी आम्ही पिशवीतले प्लग एकेक करून लावले, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) बदलला कारण एकाच जागी दाबून बसलेलं रबर तसंच वाकडं राहतं, बॅटरी लावली, चार मिनिटं ब्लोअर चालवून पेट्रोलची वाफ काढून टाकली आणि होजवर इंजिन सुरू केलं. वीस मिनिटांनी डिपस्टिक स्वच्छ, पातळी जिथे होती तिथेच, चारही प्लगखाली हात फिरवला तर कोरडं. दुपारी मिनेटोंकाच्या ग्रेज बे या खाडीच्या रॅम्पवरून बोट उतरवली. आता एकच काम राहिलंय, ड्राइव्हचे बेलोज बोटीइतकेच जुने दिसतायत, ते येत्या ऑक्टोबरात बोट बंद करतानाच बदलून टाकू असं ठरलंय.